सेकंडहँड घेतला, पण उघडेना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जून आला की अकरावी, डिप्लोमाच्या ॲडमिशन्स आणि त्यांच्या मागोमाग जुन्या लॅपटॉपची शोधाशोध. यावेळच्या निम्म्याहून जास्त पत्रांत रडगाणं एकच, वस्तू घरी आली, पैसे गेले आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकलेत, रागावू नका.

दादा, भावाच्या मुलासाठी ऑनलाईन जाहिरात बघून मडगावच्या एकाकडून डेलचा लॅपटॉप १४ हजारांना घेतला. दुकानात बसून बघितला तेव्हा चालू होता, घरी आणून बंद करून परत चालू केला तर कोणा भलत्याच बाईचं नाव येतं आणि पासवर्ड मागतो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो मला पण दुसऱ्याकडून आलाय, कोणाकडून तरी तोडून घ्या. म्हापशात एकाने ८०० रुपये सांगितलेत. देऊ काय?
एक वाचक, डिचोली

८०० रुपये राहू देत खिशात. आधी बघायचं ते हे की कुलूप लागलंय कुठे, कारण जुन्या कंप्युटरला कुलपं तीन-चार जागी असू शकतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. बटण दाबल्या दाबल्या, विंडोज सुरू व्हायच्या आधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत असेल तर तो बायोसचा, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा. निळा पडदा येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागत असेल तर तो बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कलाच लावलेलं विंडोजचं कुलूप. आणि छान डोंगर-समुद्राचा फोटो येऊन खाली कोणाचं तरी नाव दिसत असेल, तुमचं तसंच दिसतंय, तर तो निव्वळ विंडोजचा पासवर्ड, आणि या सगळ्यांत तोच सगळ्यात मऊ.

आता मुद्द्याचं. तो पासवर्ड शोधायचाच नाही. त्या पासवर्डच्या मागे त्या बाईचे फोटो, मेल, कदाचित बँकेचं लॉगिन सेव्ह केलेलं, असं सगळं पडलेलं असणार आणि तुम्ही १४ हजार दिलेत ते मशीनचे, त्या संसाराचे नव्हेत. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय घुसणं आयटी ॲक्टखाली गुन्हाच आहे, ते असो, पण तसं बघायला गेलं तर त्याची गरजही नाही. विंडोजचा पासवर्ड मशीन धरून ठेवत नाही, तो फक्त आत टाकलेली ती विंडोज धरून ठेवतो. जुनी विंडोज पुसली, नवी टाकली, की पासवर्ड तिच्याबरोबरच गेला.

पण पुसायच्या आधी एक काम करा आणि ते टाळू नका. लॅपटॉप उलटा करा, पोटावर डेलचा सर्व्हिस टॅग असतो, सात अक्षरं-आकडे. डेलच्या साईटवर तो टाकला की मॉडेल कुठलं, वॉरंटी कधीपर्यंत हे कळतं. १४ हजारांच्या लॅपटॉपची वॉरंटी अजून दोन वर्षं बाकी निघाली तर माझ्या तरी डोक्यात घंटा वाजेल. मग विकणाऱ्याला परत फोन लावा आणि गोड बोलून विचारा की तुमच्याकडे कोणाकडून आला, त्याचा नंबर द्या, बिल असेल तर त्याचा फोटो पाठवा. सरळ माणूस असेल तर देतो, बऱ्याचदा त्या मूळ बाईलाच आपले फोटो हवे असतात आणि ती पासवर्ड घालून, फोटो काढून घेऊन, स्वतःच मशीन रिकामं करून देते, सगळ्यांचं भागतं. टाळाटाळ करायला लागला, फोन उचलेनासा झाला, तर पैसे परत मागा. चोरीचा माल आहे हे कळून, किंवा तसं समजायला कारण असूनही, घेतला नाहीतर ठेवून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमाखाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, त्यामुळे संशय खराच वाटला तर तो लॅपटॉप घेऊन जवळच्या पोलीस स्टेशनात जाणं हेच बरं, विकणाऱ्याचे मेसेज आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बरोबर ठेवून. विकणारा सरळ निघाला तर एका कागदावर त्याचं नाव, तारीख, रक्कम आणि तो सर्व्हिस टॅग लिहून सही घ्या. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो, खालच्या उत्तरांत कळेलच.

हे सगळं ठीक असेल तर मग काम तासा-दीड तासाचं. पासवर्डच्या पडद्यावरच खाली उजवीकडे पॉवरचं बटण असतं, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट म्हणा, निळा मेनू येईल, त्यात ट्रबलशूट, मग रीसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग. कधी हे सुरळीत होतं, कधी मध्येच बिटलॉकरची की मागतो, कधी अर्ध्यात अडकतो. मला विचाराल तर पेन ड्राईव्हवरून नवी विंडोज टाकणंच चांगलं, जुन्या माणसाचं काहीच मागे राहत नाही. आठ जीबीचा पेन ड्राईव्ह लागतो, त्यातलं सगळं जाईल म्हणून आधी रिकामा करा, शेजारच्या किंवा भावाच्या कंप्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोजचा पेन ड्राईव्ह बनवून देणारा प्रोग्राम) उतरवून घ्या आणि तो सांगेल तसं करत जा. दुसऱ्या कुठल्या साईटवरून, टेलिग्रामवरून, 'प्री ॲक्टिव्हेटेड' लिहिलेलं काही घेऊ नका. मग पेन ड्राईव्ह लावून लॅपटॉप चालू करायचा आणि डेल असेल तर लगेच एफ१२ टकटक मारत राहायचं (एचपीला एफ९, लेनोव्होला बहुतेक एफ१२, असूसला एस्केप), यादीत पेन ड्राईव्ह निवडायचा. पुढे एका पडद्यावर प्रॉडक्ट की मागतो, तिथे 'माझ्याकडे की नाही' असं खाली लिहिलेलं असतं ते निवडा. लोक इथेच घाबरून दुकानात पळतात. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक कंपनीच्या लॅपटॉपवर विंडोजची की मदरबोर्डच्या आतच लिहिलेली असते, नेट मिळालं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, फक्त आधी विंडोजची होम आवृत्ती असेल तर होमच टाका, प्रो असेल तर प्रो. म्हणजे जे दुकानदार 'विंडोज टाकून देतो' म्हणून वेगळे पैसे घेतात आणि वर चोरीचा ॲक्टिव्हेटर चिकटवतात ते तुमच्याच मालकीची वस्तू काढून तुम्हाला नकली देतात.

त्यानंतर डिस्कचे तुकडे दाखवणारा पडदा येतो. आत एकच डिस्क असेल तर तिचे सगळे पार्टिशन एकेक करून डिलीट करा, शेवटी एकच रिकामी जागा दिसली पाहिजे, तिच्यावर नेक्स्ट. आत दोन डिस्क असल्या तर घाई करू नका, साईज बघून ओळखा. आणखी एक, विंडोज ११ होम सेटअपमध्येच नेट मागते आणि नव्या विंडोजला कधी कधी तुमच्या लॅपटॉपचं वायफाय ओळखता येत नाही, मग माणूस तिथेच बसून राहतो. ॲन्ड्रॉईड फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होऊन जातं.

हां, आणि प्रोसेसर बघून ठेवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. तुमचा आय५ सहाव्या-सातव्या पिढीचा निघाला तर १४ हजार जास्त झाले असं माझं सरळ मत. फेकू मात्र नका, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाका, अकरावीच्या पोराच्या अभ्यासाला, ब्राउझरला, टायपिंगला आरामात चालतं.

सर, मी थिंकपॅड घेतलाय, चालू केल्यावर कुलपाचं चित्र येतं आणि पासवर्ड मागतो, विंडोजपर्यंत जातच नाही. यूट्यूबवर सांगतात की आतला गोल सेल काढून अर्धा तास ठेवला की जातो. मी काढला, काही झालं नाही. अजून किती वेळ ठेवू?
वास्को

वर्षभर ठेवलात तरी जाणार नाही. तो सेल काढायचा उपाय जुन्या डेस्कटॉपचा, तिथे बायोसची सेटिंग त्या सेलच्या जिवावर राहायची, सेल गेला की सगळं विसरायचं. लॅपटॉपमध्ये, त्यातही थिंकपॅडसारख्या ऑफिसच्या मॉडेलमध्ये, पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये लिहिलेला असतो आणि त्याला करंट असला काय नि नसला काय. सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, विसरला तर मदरबोर्ड बदला, असं खुद्द लेनोव्होच सांगते, आणि नव्या बोर्डाच्या पैशात तुम्हाला दुसरा जुना लॅपटॉप येईल. काही कंपन्या, डेल त्यातलीच, मालकीचा पुरावा दिला तर सोडवायला मदत करतात, पण पुरावा म्हणजे बिल किंवा आधीच्या मालकाने सर्व्हिस टॅग तुमच्या नावावर करून दिलेला. वर कागद करून घ्या म्हटलं ते याचसाठी.

कुलपाच्या चित्राबाजूला डिस्कसारखं गोल डबड्याचं चित्र असेल तर तो हार्ड डिस्कचा पासवर्ड आहे, बायोसचा नव्हे. मग तुमचं नशीब जरा बरं. तो पासवर्ड डिस्कच्याच आत बसलेला असतो, दुसऱ्या कंप्युटरला लावली तरी उघडत नाही, पण ती काढून नवी एसएसडी बसवली की लॅपटॉप मोकळा. जुनी डिस्क विकणाऱ्याला परत द्या.

चिप उपटून, पिना शॉर्ट करून पासवर्ड उडवून देणारे कारागीर असतात, ठाऊक आहे. जमलं तर जमलं, नाहीतर बोर्ड गेला, आणि मशीन कोणाचं हे तो माणूस विचारत नाही एवढ्यावरूनच काय ते समजा. तुम्ही विकणाऱ्याकडे परत जा. बायोस पासवर्ड ठाऊक नसलेला लॅपटॉप म्हणजे चावी नसलेली स्कूटर, ती स्वस्तात मिळाली असं कोणी म्हणत नाही.

वेर्ण्याच्या एका कंपनीने जुने लॅपटॉप काढले, कंत्राटदाराकडून आम्ही मित्रांनी पाच उचलले. विंडोज नवी टाकली, पण नेट जोडल्याबरोबर पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि कंपनीचा ईमेल मागतो. परत फॉरमॅट केलं, परत तेच. असं कसं?
काही मित्र, फोंडा

तुम्ही डिस्क कितीही पुसा, नाव डिस्कवर नाहीच. मोठ्या कंपन्या आपल्या लॅपटॉपची ओळख, म्हणजे हार्डवेअरचा ठसा, मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात, ऑटोपायलट म्हणतात त्याला. विंडोज नवी टाकली की पहिल्यांदा नेटवर जाताना ती विचारते मी कोणाची, आणि तिकडून उत्तर येतं अमुक कंपनीची. कंपनीच्या दृष्टीने ही सोयच आहे, नवा लॅपटॉप थेट कर्मचाऱ्याच्या घरी जातो आणि तिथेच आपलाआपण सेट होतो, आणि चोरीला गेला तर चोराच्या कामाचा राहत नाही.

नेट न जोडता सेटअप पुढे ढकलायच्या युक्त्या फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका, पुढच्या रीसेटला परत तोच पडदा येणार. शिवाय काही मशीनच्या बायोसमध्ये ॲब्सोल्यूट नावाची सोय असते, ती चालू असेल तर विंडोज बदलली तरी परत जागी होते आणि कंपनी लांबून मशीन लॉक करू शकते.

उपाय कंटाळवाणा पण एकच. कंत्राटदाराला सांगा की पाचही मशीनचे सिरीयल नंबर त्या कंपनीच्या आयटीला पाठव आणि नोंद काढून टाकायला लाव. कंपनीने रीतसर भंगारात काढले असतील तर त्यांच्यासाठी हे थोड्या वेळाचं काम, बहुतेक वेळा आयटीवाल्याच्या लक्षातून राहून गेलेलं असतं इतकंच. नोंद काढली की परत विंडोज टाका, साधा सेटअप येईल. आणि कंपनी म्हणाली की हे नंबर आम्ही विकलेलेच नाहीत, तर तुम्ही पाच जणांनी त्याच दिवशी पैसे परत घ्यायला लागा, आणि लॅपटॉप त्यांचे त्यांना जाऊ देत.

मॅकबुक घेतलं, फॉरमॅट करून दिलं होतं, आता कोणाचा तरी ॲपल आयडी मागतं.
पर्वरी

ॲक्टिव्हेशन लॉक. ॲपलची टी२ नावाची सुरक्षेची चिप असलेल्या आणि एम१ प्रोसेसरपासून पुढच्या मॅकला असतो. दुकानात कोणी काही करू शकणार नाही, आणि करतो म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. ज्याचा आयडी आहे त्याने आयक्लाऊडच्या साईटवर जाऊन फाइंड डिव्हायसेसमध्ये हे मशीन आपल्या खात्यातून काढायचं, बस, तो मुंबईत असो की दुबईत, घरबसल्या होतं. पासवर्ड तुम्हाला सांगायची त्याला गरज नाही आणि तुम्ही मागूही नका. तो सापडतच नसेल तर ॲपलकडे अर्ज करता येतो, पण तिथे पहिल्या खरेदीचं बिल लागतं, तुमच्यातला नि विकणाऱ्यातला व्हॉट्सॲप नव्हे.

माझे बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचा जुना डेस्कटॉप माझ्याकडे आणलाय, विंडोज ७ आहे. पासवर्ड कोणालाच सांगितला नव्हता. आत चवथीचे, माझ्या लग्नाचे सगळे फोटो आहेत. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करावा लागेल. खरं का?
साखळी

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका, आणि त्या दुकानात परत नेऊही नका. वर सगळ्यांना पुसा म्हणून सांगितलं, तुमचं उलटं आहे, मशीनची किंमत शून्य आणि आतलंच सोनं.

विंडोज ७ च्या होम आणि प्रोफेशनल आवृत्तीत बिटलॉकर नव्हताच, त्यामुळे फोटो जवळजवळ नक्की उघडेच पडलेले असणार. पासवर्ड दारावर आहे, फोटोंवर नाही. डबा उघडला की आत पुस्तकाएवढी हार्ड डिस्क स्क्रूने बसवलेली दिसेल, दोन केबल काढल्या की सुटते. अशी डिस्क यूएसबीला जोडणारा साटा टू यूएसबी ॲडॉप्टर मिळतो, मात्र डेस्कटॉपची मोठी डिस्क यूएसबीच्या करंटवर फिरत नाही, म्हणून वेगळा पॉवर असलेलाच घ्या, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कचा स्वस्त घेतलात तर डिस्क दिसणारच नाही आणि खराब झाली असं वाटून उगाच जीव खालीवर होईल. लॅपटॉपला जोडा, यूजर्स फोल्डरमध्ये बाबांच्या नावाचं फोल्डर असेल, उघडताना परवानगी नाही म्हणेल, कंटिन्यू दाबा, थोडा वेळ घेईल. पिक्चर्स, डेस्कटॉप, डाऊनलोड्स हे तिन्ही बघा, आणि डी ड्राईव्ह असेल तर तोही, त्या पिढीची माणसं महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवायची. फोटो तिथेच बघत बसू नका, आधी सगळं कॉपी करून घ्या, दोन ठिकाणी.

डिस्क फिरताना टक-टक असा ठराविक आवाज आला तर लगेच बंद करा आणि परत परत लावून बघू नका, जितकी फिरवाल तितकी जास्त बिघडेल. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची आणि आधी अंदाज लेखी घ्यायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर्षभर बंद पडलेल्या मशीनला आधी झाकण काढून पंख्याखाली ठेवलं आणि ब्रशने धूळ झाडली तर चांगलं, केबलच्या टोकांवर हिरवट गंज दिसतोच दिसतो.

माझा लॅपटॉप विकायचाय. घेणाऱ्याला असा त्रास होऊ नये म्हणून काय करू?
पेडणे

असं विचारणारे तुम्ही एकटेच निघालात. आधी आपला डेटा काढून घ्या. बायोसमध्ये पासवर्ड घातला असेल तर तो काढा, हे सगळे विसरतात. मग सेटिंगमधून रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि पुढे 'चेंज सेटिंग्ज' मध्ये क्लीन डेटा चालू करा, वेळ जास्त लागतो पण फाईली सहजासहजी परत काढता येत नाहीत. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या साईटवर आपल्या खात्यात डिव्हायसेसच्या यादीतून हा लॅपटॉप काढा. भाषा निवडायचा पहिला पडदा आला की तिथेच बंद करा, घेणारा समोर बसून आपलं नाव घालून चालू करेल, आणि चालू झाल्यावर एकदा बंद करून परत चालू करायला लावा, मगच पैसे घ्या.